पन्नास हर्ट्झची गुणगुण

२८ ऑक्टोबर १९६९. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या दोन भट्ट्या रीतसर वीज द्यायला लागल्या. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारलेलं, आणि वीज महाराष्ट्र नि गुजरात वाटून घेणार. त्याच सुमारास कॉलेजची पोरं केस वाढवून इलेक्ट्रिक गिटार वाजवत होती. त्यांच्या सिमला बीट स्पर्धेच्या एलपी १९७० आणि १९७१ साली निघाल्या. आता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? सांगतो.

संबंध ५० हर्ट्झचा. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होते. भिंतीतली प्रत्येक वायर, पंख्याची मोटर, ट्यूबलाइटचा चोक, सगळे आपल्याभोवती त्याच तालात चुंबकीय क्षेत्र हलवत असतात. आणि इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे काय, तर चुंबकाभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. जवळपास चुंबकीय क्षेत्र हललं की त्यातून करंट काढायचा, एवढंच त्याला कळतं. हलवणारी गिटारची तार आहे की भिंतीतली वायर, हे त्या बिचाऱ्याला कसं कळणार?

हा दोष जन्मजात आहे. जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ मध्ये कॅलिफोर्नियात पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार बनवली, तीही हवाईयन, मांडीवर ठेवून वाजवायची. (आपल्याकडे व्हॅन शिप्लेंनी सिनेमाची गाणी वाजवली ती याच जातीच्या गिटारवर. रेडिओवर ती ऐकलेली पिढी अजून घराघरात आहे.) तेव्हापासून प्रत्येक गिटारवाला सुरांसोबत थोडी गुणगुणही वाजवत आलाय.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा धाकटा मावसभाऊ. बोईसरला एमआयडीसीत नोकरी, घर केळव्याला. वाडी, कौलं, मागे पानमळा. बोनस आला आणि साहेबांनी मला यादी पाठवली: कंडेन्सर माइक, इंटरफेस, स्टुडिओ हेडफोन, नवीन लॅपटॉप. मुंबईतल्या एका दुकानदाराने यादी "फायनल" करून दिली होती. सोबत एक क्लिप. क्लिपमध्ये गिटार होती, पण तिच्याखाली अखंड "घूंऽऽऽ". यादीतली एकही वस्तू त्या घूंऽऽऽला हात लावणारी नव्हती.

"मग इक्वलायझरने कापून टाकू ना," असं त्याचं म्हणणं. सॉफ्टवेअरवाल्यांना असंच वाटतं, मलाही ऑफिसात रोज वाटतं :-) पण जरा आकडे बघा. गुणगुण फक्त ५० वर थांबत नाही, तिची पिल्लं १००, १५०, २०० अशी वर वर जातात. गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झची. त्याच तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी ९८ हर्ट्झचा. म्हणजे १०० कापायला गेलात की जी पण गेला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथली गुणगुण ए-शार्प आणि बी यांच्यामध्ये लोंबकळते. आपली मात्र थेट जीच्या मांडीवर.

यावरचा खरा इलाज १९५५ साली सापडला. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या इंजिनिअरने दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवल्या, एकीचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा. तारेचा सिग्नल दोन्हींत बेरीज होतो, बाहेरून आलेली गुणगुण वजाबाकी होऊन जाते. पेटंटचा अर्ज त्याच वर्षीचा, गिटारवर हा पिकअप आला १९५७ मध्ये, नाव हंबकर. यात कुठेही फिल्टर नाही. चूक सिग्नलमध्ये शिरायच्या आधीच अडवलीय. त्याच्यापेक्षा सुंदर बग फिक्स मी तरी पाहिलेला नाही. म्हणून केळव्यासारख्या घरात रेकॉर्डिंग करायचं असेल तर माझं पहिलं मत: गिटार निवडताना हंबकरवाली निवडा. सिंगल कॉइलचा तो चकचकीत आवाजच हवा असेल तर खुर्चीत बसल्या बसल्या गिटारसकट हळूहळू गोल फिरा. एका दिशेला गुणगुण एकदम पडते. त्या दिशेला तोंड करून रेकॉर्ड करायचं. फुकट उपाय आहे.

आता घरी रेकॉर्डिंग करण्याची गोष्ट. ही आपल्याला कंप्युटरची देणगी वाटते, पण लेस पॉल नावाचा गिटारवाला १९४०च्या दशकात हॉलिवूडमधल्या आपल्या गॅरेजमध्ये हेच करत होता. रेकॉर्ड कापायचं यंत्र स्वतः बनवलेलं, त्यात कॅडिलॅक गाडीचं फ्लायव्हील. एका डिस्कवर एक गिटार वाजवायची, ती लावून सोबत दुसरी वाजवायची, ते दोन्ही मिळून नव्या डिस्कवर कापायचं. १९४८ साली आलेल्या 'लव्हर'मध्ये अशा आठ गिटार आहेत, सगळ्या त्याच्याच. मध्ये चुकलं की मागे जायची सोय नाही. अन्डू नावाची चीज नव्हतीच!

या गॅरेजमध्ये प्रत्येक कॉपीला खरखर आणि गुणगुण वाढत जाणार, हे उघड आहे. म्हणून लेस पॉल आयुष्यभर लो-इम्पिडन्स पिकअपच्या मागे लागला. अशा पिकअपची गिटार अॅम्प्लिफायरशिवाय थेट मिक्सरला लावता येते, लांब वायर चालते, आवाज स्वच्छ येतो. गिब्सनने त्याच्या नावाने १९७१ मध्ये 'लेस पॉल रेकॉर्डिंग' नावाचं मॉडेलच काढलं. खपलं नाही फारसं. लोकांना हाय-इम्पिडन्सचाच आवाज गोड वाटत होता, आणि तीच सवय आज आपल्याला खर्चात पाडते.

कसं ते बघा. साध्या गिटारच्या पिकअपला समोर सुमारे १० लाख ओहमचा इनपुट लागतो. जुन्या साउंड कार्डच्या लाइन-इनला तो साधारण १० हजारांच्या घरात असायचा. गिटार थेट तिथे खुपसली की वरचे सूर बसून जातात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर आलं, पुढच्या दशकात ते पीसीत घुसलं, आणि असंख्य पोरांनी आपली गिटार भंगार आहे असं समजून घेतलं. गिटार बरी होती. इनपुट चुकीचा होता. आज इंटरफेस घेताना 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं बटण आहे की नाही, हे आधी बघायचं. बाकी आकडे नंतर. फोकसराइटचं स्कारलेट २०११ मध्ये आलं तेव्हापासून छोट्या यूएसबी डब्यांतही हे बटण नेहमीचं झालंय, त्यामुळे सर्वात महागडा डबा घ्यायची काही गरज नाही.

दुसरी भानगड लेटन्सीची. विंडोजच्या जुन्या ड्रायव्हरवर तार छेडल्यापासून आवाज कानात यायला इतका वेळ लागायचा की ताल धरणं अशक्य. श्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आसिओ नावाचा रस्ता काढला आणि हा अडथळा गेला. १२८ सॅम्पलचा बफर ४४.१ किलोहर्ट्झला साधारण ३ मिलिसेकंद होतो. येण्या-जाण्याचा आणि ड्रायव्हरचा धरून दहाएक मिलिसेकंद म्हणू. स्टेजवर अॅम्प तीन मीटर मागे असला तरी आवाजाला पोचायला ९ मिलिसेकंद लागतातच. म्हणजे नवीन लॅपटॉप यादीतून बाद. जुनाच पुरतो.

माइकचं काय? जून ते सप्टेंबर केळव्याला कौलांवर पाऊस, वाडीत बेडूक, आणि उरलेल्या दिवसांत सुरूच्या बनातून येणारा वारा. कंडेन्सर माइक हे सगळं भक्तिभावाने रेकॉर्ड करेल. शिवाय अॅम्प मोठ्याने लावायचा तर शेजारच्या आजोबांची दुपार गेली. थेट वायर लावून अॅम्पचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये बनवणं बरं. हा प्रश्नही जुनाच. टॉम शोल्झ हा एमआयटीचा इंजिनिअर पोलरॉइडमध्ये दिवसा नोकरी करून रात्री तळघरात रेकॉर्डिंग करायचा. कंपनीला वाटत होतं अल्बम लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत होतोय, बँडची बाकीची मंडळी तिकडे पाठवलीही होती, आणि हा पठ्ठ्या मॅसॅच्युसेट्समध्ये आपल्या तळघरात वाजवत बसलेला. तो अल्बम म्हणजे 'बॉस्टन' (१९७६), अमेरिकेतच १ कोटी ७० लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालेला. पुढे त्याने १९८२ मध्ये रॉकमन नावाचा खिशातला हेडफोन अॅम्प काढला. १९९८ मध्ये लाइन ६ चा पॉड आला, २००२ मध्ये अॅम्प्लिट्यूब, २००४ मध्ये गिटार रिग. आता न्यूरल अॅम्प मॉडेलर तर चक्क फुकट आणि ओपन सोर्स आहे. म्हणजे माइकही बाद.

यादीत नसलेली वस्तू मात्र सर्वात महत्त्वाची: अर्थिंग. जुन्या घरात दोन पिनांचे सॉकेट, कुठेतरी तीन पिनांचा असला तरी तिसरं भोक नुसतं शोभेला. खारी हवा लोखंडी पट्टी खाऊन टाकते ते वेगळंच. आणि भारनियमनाच्या वर्षांत घेतलेला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर. (अणुवीज केंद्र पंचवीस किलोमीटरवर आणि घरात अंधार, हा विनोद पालघरच्या लोकांनी २००५ च्या आसपास पुरेसा ऐकलाय.) स्क्वेअर वेव्हमध्ये १५०, २५०, ३५० अशी विषम पिल्लं ठासून भरलेली असतात, पंखा त्याच्यावर कण्हतो ते त्यामुळेच. वीज गेलेली असताना रेकॉर्ड करायचं तर इन्व्हर्टर बंद, लॅपटॉप बॅटरीवर. चार्जर काढल्यावर आवाज कमी झाला तर दोष वायरिंगचा किंवा चार्जरचा, तसाच राहिला तर पिकअपचा. सोपं डीबगिंग आहे.

पण अर्थिंगची गोष्ट फक्त आवाजाची नाही. गिटारच्या तारा वायरीच्या जाळीला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याचे हात तारांवर. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वॉन्झीत लेस हार्वी या गिटारवाल्याने स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावला आणि तो तिथेच गेला. १९७६ मध्ये यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरी गिटार वाजवताना शॉक लागून गेला. घरी! त्यामुळे "तारेला हात लावला की झिणझिण्या येतात" असं कोणी हसत सांगितलं की माझं डोकं फिरतं. मावसभावानेही ते हसतच सांगितलं होतं. आधी परवानाधारक वायरमन बोलवायचा, नवीन अर्थिंग करून घ्यायचं, आरसीसीबी बसवायचा. तोपर्यंत चार्जर लावून गिटारला हात लावायचा नाही. मावशीलाही फोन करून सांगितलं, म्हणजे अंमलबजावणी होईल.

एक गंमत राहिली. ही गुणगुण नेमकी पन्नासची कधीच नसते. १९९०च्या दशकात आपल्याकडे ती ४८ पर्यंत घसरायची. विजेच्या तालावर फिरणाऱ्या मोटरचं टेप मशीन अशा वेळी चार टक्के हळू चालणार, म्हणजे गाणं जवळजवळ पाऊण सेमिटोनने खाली. पश्चिम विभागात २००२ मध्ये वीज दरांची नवी पद्धत आली, फ्रिक्वेन्सी पडलेली असताना जास्त वीज ओढणाऱ्याला महाग पडायला लागलं, आणि आकडा बराच सुधारला. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रिडही जोडलं गेलं. तेव्हापासून केळव्याची गुणगुण आणि दक्षिणेची गुणगुण त्याच क्षणी एकत्र वर-खाली होते. हे चढउतार पुन्हा हुबेहूब तसेच येत नाहीत, म्हणून फ्रिक्वेन्सीची नोंद ठेवली असेल तर रेकॉर्डिंगमधल्या गुणगुणीवरून ते कधी केलं हे शोधता येतं. युरोपात न्यायवैद्यक तज्ज्ञ हे तंत्र वापरतात. त्या क्लिपमध्येही ती सही आहे, आणि अर्थिंग झाल्यावरही थोडी राहीलच.