नांवाचा व्यापार

यवतमाळ जिल्ह्यांतील बाभुळगांव या गांवाच्या नांवांत जें झाड आहे, तें कोणाला लावावें लागत नाहीं आणि कोणी विकतहि घेत नाहीं. शेळ्या शेंगा खातात, लेंड्यांबरोबर बी शिवारभर पडतें, आणि बांधावर, नाल्याच्या कांठीं बाभूळ आपली आपण उभी राहते. पुढें तिचेंच लांकूड नांगराला, वखराला आणि गाडीच्या चाकाला लागतें. परंतु त्याच तालुक्यांतील एखाद्या शेतकऱ्यास चार एकर संत्र्याची बाग करावयाची असली, तर हा सोपा मार्ग उपयोगी पडत नाहीं. बी पेरून संत्र्याचें झाड होतें खरें, पण तें फळाला फार उशिरा येतें. म्हणून वरूड, शेंदुरजना घाट या बाजूस जाऊन जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेलीं रोपें विकत आणावीं लागतात. पैसे त्याच दिवशीं मोजावयाचे. फळ मात्र पांचव्या-सहाव्या वर्षीं दिसावयाचें. हातभर रोपाकडे पाहून त्याचा डोळा कोणत्या झाडावरून घेतला होता हें ब्रह्मदेवालाहि सांगतां येणार नाहीं. फळ आंबट निघालें तर पैसे परत मिळतील. गेलेलीं सहा वर्षें कोण परत देणार?

कापड हातांत घेऊन पारखतां येतें, सोनें कसोटीला लावतां येतें. रोपाला अशी कसोटी नाहीं. रोपवाटिकेचा मालक खरें पाहतां रोप विकीत नाहीं, आपलें नांव विकतो. आणि तें नांव खरें कीं खोटें हें ठरण्यास इतकीं वर्षें लागतात, कीं तोंपर्यंत दुकान चालू असावें लागतें, आणि दुकानावर तोच माणूस, निदान त्याचा मुलगा, बसलेला असावा लागतो. हा धंदा घराण्याघराण्यांनीं चालतो याचें कारण आमच्या मतें हेंच आहे. अशा एका घराण्याची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे. तें घराणें इंग्लंडांतलें आहे. पण आपल्या ओसरीवरच्या कुंडींतील क्रोटनशीं त्याचा संबंध पोंचतो, हें पुढें दिसेल.

घराण्याचें आडनांव वीच. मूळ पुरुष जॉन वीच हा १७५२ सालीं स्कॉटलंडांतील जेडबर्ग येथें जन्मला. बागकामाच्या विद्येवांचून दुसरें भांडवल जवळ नसतां तो दक्षिणेस इंग्लंडांत आला, आणि डेव्हन परगण्यांतील किलर्टन येथील जमीनदार सर टॉमस अ‍ॅक्लंड यांच्या पदरीं राहिला. किलर्टनचें उद्यान त्यानें उभें केलें, आणि धन्याच्या आश्रयानें जवळच बडलेक येथें स्वतःची रोपवाटिका घातली. त्याचा मुलगा जेम्स यानें १८३२ सालीं ती एक्झेटर शहरांत नेली. खेड्यांतून शहरांत येणें ही गोष्ट दिसावयास लहान, पण गिऱ्हाईक तेथें होतें. जेम्सचा मुलगाहि जेम्सच. त्याच्या आग्रहानें १८५३ सालीं लंडनमधील चेल्सी भागांतली एक नामांकित रोपवाटिका विकत घेण्यांत आली. एका जमीनदाराच्या माळ्याचा नातू आतां राजधानींत सरदारदरकदारांना झाडें विकूं लागला.

या चढतीला काळहि अनुकूल होता. नॅथॅनिएल वॉर्ड नांवाच्या लंडनच्या एका डॉक्टरला १८२९ च्या सुमारास असें आढळलें होतें कीं, बंद कांचेच्या भांड्यांत रोप ठेवलें तर तेंच पाणी वाफ होऊन पुन्हां मातींत उतरतें, आणि रोप महिनेच्या महिने जगतें. पूर्वी जहाजाच्या डेकवर ठेवलेलीं रोपें खाऱ्या वाऱ्यानें आणि गोड्या पाण्याच्या तुटवड्यानें वाटेंतच मरत. वॉर्डच्या पेटीनें तो खर्च वांचला. मग श्रीमंतांच्या कांचघरांसाठीं जगांतलीं झाडें आणण्याची चढाओढ लागली. दुसरे व्यापारी बंदरावर आलेला माल विकत घेत बसले. वीच पितापुत्रांनीं स्वतःचीं माणसें पगार देऊन परदेशीं पाठविलीं. अशीं बावीस माणसें त्यांनीं निरनिराळ्या वेळीं धाडलीं.

त्यांतले पहिले दोघे लॉब हे भाऊ. घर कॉर्नवॉलमधलें, स्थिति गरिबीची. धाकटा टॉमस तेराव्या वर्षींच वीच यांच्याकडे कामास राहिला होता. थोरला विल्यम १८४० सालीं दक्षिण अमेरिकेस गेला, आणि चिली देशांतून अराउकारिया नांवाच्या सूचिपर्ण वृक्षाचें तीन हजारांवर बी त्यानें पाठविलें. इंग्लंडांतील मोठ्या बंगल्यांपुढें हा काटेरी वृक्ष दिसतो त्याचें मूळ यांत आहे. पण खरी गंमत पुढची. १८५३ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंत असतांना त्यानें एका विद्वत्सभेंत ऐकलें कीं, डोंगरांत अडीचशे-तीनशे फूट उंचीचे वृक्ष सांपडले आहेत. वार्ता आणखी कोणाच्या हातीं लागण्यापूर्वीं तो तेथें पोंचला, बी गोळा केलें, आणि मुदत संपण्याची वाट न पाहतां डिसेंबरांत थेट एक्झेटरला दाखल झाला. लगोलग एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें त्या वृक्षाला नुकत्याच वारलेल्या वेलिंग्टन सरदाराचें नांव दिलें. अमेरिकन लोकांना तें रुचलें नाहीं, आणि तें रुचण्यासारखें नव्हतेंहि. पुढच्याच वर्षीं वीच यांनीं त्याचीं रोपें दोन दोन गिनींस विकावयास काढलीं. तीन हजार वर्षें जगणाऱ्या वृक्षाचें रोप! तें पुरतें वाढलेलें पाहण्याची आशा विकणाऱ्यालाहि नव्हती आणि घेणाऱ्यालाहि नव्हती. विल्यम लॉब मात्र पुन्हां कॅलिफोर्नियास गेला तो परत आला नाहीं. १८६४ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंतच तो वारला. टॉमसनें पूर्वेकडील बेटें आणि हिंदुस्थान धुंडाळला, त्यांत त्याचा एक पाय गेला, आणि उरलेलें आयुष्य त्यानें कॉर्नवॉलमधल्या एका खेड्यांत काढलें.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आसामलगतच्या खासी टेंकड्यांत निळ्या फुलांची व्हांडा नांवाची ऑर्किडची जाति होते. टॉमस लॉबनें ती वीच यांच्याकडे पाठविली, आणि १८५० सालीं ती लंडनांत फुललेली पाहून लोक वेडे झाले. त्याच सुमारास सर जोसेफ हूकर यांनीं क्यूच्या सरकारी बागेसाठीं याच फुलझाडाचीं सात माणसांचीं ओझीं भरून नेलीं, आणि त्यांतलीं थोडींच विलायतेस जिवंत पोंचलीं. हें त्यांनीं स्वतःच्याच प्रवासवर्णनांत नमूद करून ठेविलें आहे. हूकर हे व्यापारी नव्हते, थोर पंडित होते. म्हणजे लूट केवळ व्यापाऱ्यांनीं केली असें म्हणण्याची सोय नाहीं. फरक इतकाच कीं, व्यापाऱ्याच्या यादींत किंमत छापलेली असे, आणि ती किंमत वाचून आणखी दहा माणसें त्या रानांत शिरत. जीं खासी माणसें झाडांवर चढलीं, ज्यांनीं ओझीं वाहिलीं, त्यांचीं नांवें कोणत्याहि यादींत नाहींत. वीच यांचें नांव मात्र लॅटिन रूप घेऊन कित्येक वनस्पतींच्या मागें कायमचें बसलें आहे.

तरी त्यांनीं नुसतें आणून विकलें असें नव्हे. एक्झेटरच्या बागेंतील जॉन डॉमिनी या त्यांच्या माळ्यानें, हॅरिस नांवाच्या एका शस्त्रवैद्याच्या सूचनेवरून, ऑर्किडच्या दोन जातींचा संकर केला, आणि १८५६ सालीं त्याला फूल आलें. माणसाच्या हातानें झालेला ऑर्किडचा हा पहिला फुललेला संकर. शाळेंत फारसें न शिकलेल्या माळ्यानें पंडितांच्या वर्गीकरणाला दिलेला हा धक्का आम्हांला मोठा आनंददायक वाटतो.

१८६३ सालीं थोरला जेम्स वारल्यावर घराण्याच्या दोन शाखा झाल्या. चेल्सी धाकट्या जेम्सकडे राहिली, आणि एक्झेटर त्याचा भाऊ रॉबर्ट याच्याकडे गेलें. चेल्सीच्या शाखेवर लवकरच आघात झाले. जेम्स १८६९ सालीं एकाएकीं वारला. त्याचा वडील मुलगा जॉन गूल्ड वीच हा या घराण्यांतला सर्वांत धाडसी पुरुष. घरचा मालक असूनहि तो स्वतः जहाजावर चढला. १८६० सालीं जपानांत ब्रिटिश वकिलाच्या मंडळींबरोबर फुजी पर्वतावर गेला. आणि १८६४ पासून दोनएक वर्षें ऑस्ट्रेलिया व दक्षिण समुद्रांतील बेटें हिंडला. तेथून त्यानें क्रोटनच्या आणि ड्रॅसिनाच्या कित्येक रंगीबेरंगी जाति आणल्या, आणि व्यापाराच्या वाटेनें त्या उष्ण देशांतील बागाबागांतून पसरल्या. आपल्याकडे बंगल्याच्या पायऱ्यांवर कुंड्या मांडणाराला हें नांव ठाऊक नसतें. हा जॉन १८७० सालीं क्षयानें गेला. वय अवघें एकतीस. मागें दोन लहान मुलगे राहिले.

आतां सर्व भार धाकटा भाऊ हॅरी याच्यावर पडला. तो देशोदेशीं हिंडला नाहीं. त्यानें पेढी संभाळली, माणसें निवडलीं, आणि चव्वेचाळीस वर्षें कारभार केला. माणसें निवडण्यांत त्याचा अंदाज क्वचित् चुकतहि असे. चार्लस मेरीझ नांवाच्या तरुणास त्यानें १८७७ सालीं जपान व चीनकडे पाठविलें. मेरीझ यांगत्से नदीनें इचांगपर्यंत गेला आणि तेथूनच मागें फिरला. चीनमधलें घेण्यासारखें सर्व येऊन चुकलें, ही हॅरीची पक्की समजूत होऊन बसली. महाराष्ट्रीय वाचकास मेरीझची पुढची हकीकत अधिक जवळची वाटेल. १८८२ सालीं तो हिंदुस्थानांत आला, प्रथम दरभंग्याच्या आणि नंतर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या बागांचा अधिकारी झाला, येथल्या आंब्यांच्या जातींचा त्यानें कसून अभ्यास केला, आणि १९०२ सालीं ग्वाल्हेरींतच त्याचा अंत झाला.

त्याच इचांगहून वीस वर्षांनीं एर्नेस्ट विल्सननें काय काय आणलें हें पाहिलें म्हणजे मेरीझनें किती मोठें दार न उघडतां सोडलें होतें तें कळतें. विल्सनला हॅरीनें १८९९ सालीं पाठविलें तें एकाच झाडासाठीं. त्याला डेव्हिडिया म्हणतात. त्याचीं पांढरीं पुष्पपत्रें फांद्यांवर हातरुमाल वाळत घातल्यासारखीं दिसतात. ऑगस्टिन हेन्री नांवाच्या अधिकाऱ्यानें तें एके ठिकाणीं पाहिलें होतें. त्यानें काढून दिलेला कच्चा नकाशा घेऊन विल्सन शेंकडों मैल गेला. १९०० च्या एप्रिलांत तो त्या जागीं पोंचला तों झाड तोडलेलें, आणि शेजारीं त्याच्या लांकडाचें नवें घर उभें! पुढें कांहीं आठवड्यांनीं दुसरीं झाडें भेटलीं, बी मिळालें. परत आल्यावर कळलें कीं, एका फ्रेंच पाद्र्यानें तें बी १८९७ सालींच फ्रान्सला पाठविलें होतें आणि तेथें एक रोप उगवलेंहि होतें. लंडनजवळच्या कूम वूड येथील वीच यांच्या बागेंत विल्सनच्या झाडाला पहिलें फूल आलें तें १९११ सालीं. एका बियासाठीं अकरा वर्षें थांबण्याची ताकद असलेली पेढी ती.

पण तिच्याजवळ आतां माणूस उरला नव्हता. हॅरीला अपत्य नव्हतें. जॉन गूल्डचे दोन मुलगे त्यानें वाढविले. थोरला जेम्स हर्बर्ट १८९१ ते १८९३ पर्यंत हिंदुस्थान, मलाया, जपान हिंडून आला, आणि १९०६ सालीं ‘हॉर्टस वीची’ हा घराण्याचा बृहद् इतिहास त्यानें प्रसिद्ध केला. पेढीनें प्रचारांत आणलेल्या वनस्पतींची मोजणी बाराशेंच्या वर जाते, ती याच परंपरेंतली. ग्रंथ बाहेर पडला आणि त्याचें मन ढासळलें. १९०७ सालीं एकोणचाळिसाव्या वर्षीं तो वारला. धाकटा जॉन फुटबॉलपटु म्हणून गाजला. इंग्लंडकडून वेल्सविरुद्ध त्यानें १८९४ सालीं एका सामन्यांत तीन गोल केले होते. व्यापाराकडे त्याचें मन रमलें नाहीं.

हॅरीला १९१२ सालीं ‘सर’ ही पदवी मिळाली. तेव्हां तो बहात्तर वर्षांचा होता, आणि जमिनीचे पट्टे संपत आले होते. पेढी विकत घेण्यास गिऱ्हाइकें मिळणें कठीण नव्हतें. असें नांव कोणास नको होतें? पण हॅरीनें नांव विकलें नाहीं. झाडांचे लिलांव पुकारले, जागा घरबांधणीसाठीं दिल्या, आणि १९१४ सालीं चेल्सीचा दरवाजा बंद केला. पुष्कळांनीं याला म्हाताऱ्याचा हट्ट म्हटलें असेल. आम्हांला तो घराण्यांतला सर्वांत चोख व्यवहार वाटतो. त्या नांवावर विश्वासून ज्यांनीं रोपें नेलीं होतीं, त्यांचीं कित्येक झाडें अजून फुलावयाचीं होतीं; उद्यां त्या पाटीखालीं भलताच माणूस भलता माल विकूं लागला असता, तर मागच्या चार पिढ्यांची साक्ष खोटी पडली असती. हॅरी १९२४ सालीं वारला.

एक्झेटरची शाखा मात्र चालूच राहिली. रॉबर्टचा मुलगा पीटर १९२९ सालीं वारला, आणि त्याच्या मागें मुलगी मिल्ड्रेड हिनें रोपवाटिका हातीं घेतली. मुलग्यांच्या हिशेबावर चाललेल्या या वंशवृक्षांत ती शेवटचीच व्यापारी. तिनें ती पुढें चाळीस वर्षें चालविली, आणि १९६९ सालीं शेजारच्या एका रोपवाटिकेस विकून टाकली.