दोन ग्लास

मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा पाचवा आठवडा सुरू होता. त्याआधीच्याच शनिवारी पुण्यात टीमच्या पार्टीत मी दोन ग्लास वाइन प्यायले होते. कोड असता तर मागचं व्हर्जन परत आणलं असतं. इथे ती सोय नाही. मग रोज रात्री दोन वाजता फोनवर तेच शोधायचं. शोधता शोधता इतिहासात शिरले.

गर्भातल्या बाळावर दारूचा परिणाम होतो, हे डॉक्टरांना खात्रीने कळून पन्नासच वर्षं झालीत. १९६८ मध्ये पॉल लेम्वान यांनी फ्रान्समधल्या १२७ मुलांबद्दल लिहिलं. बाहेर फारसं कुणी वाचलं नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी 'लॅन्सेट'मध्ये आठ मुलांची नोंद छापली आणि या आजाराला नाव मिळालं. त्या आठही मुलांच्या आयांना दारूचं जुनं व्यसन होतं. हे वाक्य मी तीनदा वाचलं.

त्याच काळातली दुसरी गोष्ट तर मला खरीच वाटेना. न्यूयॉर्कचे फ्रिट्झ फुक्स अकाली कळा थांबवायला गरोदर बायकांच्या शिरेतून अल्कोहोलची सलाईन देत. ही पद्धत सत्तरच्या दशकातही दवाखान्यांत चालू होती. म्हणजे एकीकडे आजाराचं बारसं चाललेलं आणि दुसरीकडे डॉक्टर स्वतःच बाईला दारू चढवतायत! त्या बायकांना नंतर काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही.

पण माझी झोप परत आणली ती १८९९ च्या एका अहवालाने. लिव्हरपूलच्या तुरुंगातले डॉक्टर विल्यम सुलिव्हन यांनी व्यसनी कैदी बायकांची बाळंतपणं नोंदवली. आधीची मुलं दगावलेल्या काही जणींना गरोदरपणी तुरुंगात दारू मिळाली नाही, आणि तेव्हाचं मूल जगलं. थांबल्याने फरक पडतो, हे इतकं जुनं आहे.

सुरक्षित प्रमाण कुणालाच ठाऊक नाही, म्हणून थेंबभरही नको, हे खरंच. पण कळायच्या आधीच्या एक-दोन पेयांनी बाळाला इजा होण्याची शक्यता कमी असते, असं माझ्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं. "त्यानंतर घेतली नाहीस ना?" एवढं विचारून त्यांनी केसपेपरवर नोंद केली. मला वाटलं होतं, ओरडतील.

आपल्याकडे २०१९ पासून बाटलीवर इशारा सक्तीचा आहे: दारू आरोग्याला घातक, पिऊन गाडी चालवू नका. गरोदर बाईचा त्यात उल्लेख नाही. आणि आमच्याच जिल्ह्यात, पलूसला, सरकारने वाइन पार्क काढलंय.

आता आठवा महिना. विश्रामबागला आईकडे आलेय. आईने बाळंतपणानंतरसाठी दशमूलारिष्टाची बाटली आत्ताच आणून ठेवलीय. अरिष्ट आंबवून करतात, त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं. मी लेबल वाचून दाखवलं.

"अगं बाई! तू अंगावर पीत होतीस तेव्हा मी महिनाभर घेतलं की गं," आई म्हणाली आणि बाटलीकडे बघत बसली.

मग मी तिला ते दोन ग्लास सांगितले.