अकरा ओळींवाचून अडलेले सॉफ्टवेअर

२२ मार्च २०१६ रोजी जगभरातील असंख्य प्रोग्रॅमरांच्या पडद्यावर एकच तक्रार झळकली : ‘लेफ्ट-पॅड’ सापडत नाही. लिहिलेल्या प्रोग्रॅमपासून वापरण्याजोगे सॉफ्टवेअर तयार करण्याची ‘बिल्ड’ नावाची प्रक्रिया त्यामुळे ठप्प झाली. गंमत अशी की, त्यांच्यापैकी बहुतेकांनी हे पॅकेज मुद्दाम मागविलेलेच नव्हते.

प्रोग्रॅमर इतरांची तयार पॅकेजे वापरतो आणि ती पॅकेजे आणखी इतरांवर विसंबून असतात. या अवलंबनालाच ‘डिपेंडन्सी’ म्हणतात. जावास्क्रिप्टची अशी पॅकेजे ‘एनपीएम’ या सार्वजनिक भांडारात असतात. लेफ्ट-पॅड अवघ्या ११ ओळींचे. ‘७’चे ‘००७’ करावे, एवढेच त्याचे काम. मात्र ‘बॅबेल’सारखे मातब्बर साधन साखळीच्या दुसऱ्या टोकाला त्यावर उभे होते. ‘किक’ या पॅकेजच्या नावावर त्याच नावाच्या कॅनडातील कंपनीने हक्क सांगितला, एनपीएमने तो मान्य केला आणि संतापलेल्या अझर कोचुलू यांनी आपली सर्व २७३ पॅकेजे मागे घेतली. लेफ्ट-पॅड त्यांतलेच.

दहाएक मिनिटांत दुसऱ्या प्रोग्रॅमरने त्याच नावाने तसेच पॅकेज भांडारात ठेवले. तरीही बिल्ड अडतच राहिली. नव्या पॅकेजची आवृत्ती १.०.० होती, तर साखळीतील एका पॅकेजची मागणी नेमकी ०.०.३ची होती! अखेर एनपीएमने जुनी आवृत्ती परत आणली. तोवर अडीच तास उलटले होते.

अशा बिघाडात म्हणूनच नावाबरोबर आवृत्तीही पाहावी लागते. त्रुटींच्या लांबलचक यादीतील पहिली ओळ बहुधा खरी असते. पुढच्या तिच्याच पोटी आलेल्या. ‘एनपीएम एलएस’ ही आज्ञा पॅकेजची मागणी कोणाची, ते दाखविते. पुष्कळदा पॅकेज प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या संगणकावर असते, पण ‘पॅकेज डॉट जेसन’ या यादीत नोंदविलेलेच नसते. मग त्याच्याकडे चालणारी बिल्ड सहकाऱ्याकडे कोसळते. ‘नोड मोड्यूल्स’ हा फोल्डर काढून टाकून सर्व पॅकेजे नव्याने उतरविली की ही चूक ताबडतोब उघडी पडते.

आवृत्त्या गोठविणारी ‘लॉक फाइल’ एनपीएममध्ये २०१७ पासून आपोआप तयार होते. ती उपयुक्त खरी. पण भांडारातून पॅकेजच नाहीसे झाले तर तीही हतबल. त्यासाठी पॅकेजांची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर हवी. इतर पॅकेजे ज्यावर अवलंबून आहेत, असे पॅकेज एनपीएमवरून आता लेखकाला परस्पर काढून घेता येत नाही.