लीळाचरित्राची हरवलेली पोथी आणि आपल्या घरातील हार्ड डिस्क

१/ देऊळगाव राजातील कितीतरी घरांत आज एक लहानशी हार्ड डिस्क असते. बालाजी महाराजांच्या यात्रेचे चित्रण, लग्नाची छायाचित्रे, दिवंगत आजीचा आवाज, सारे तिच्यातच. ती अचानक बंद पडली तर? या प्रश्नाला सातशे वर्षांपूर्वीचा एक दाखला आहे, आणि तो याच परिसराशी जोडलेला आहे.

२/ तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा संचार आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर, लोणार येथे झाला. त्यांच्या पश्चात म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना विचारून त्यांच्या आठवणी टिपल्या. नागदेवाचार्यांनी त्या पडताळल्या. ऋद्धिपूर येथे ‘लीळाचरित्र’ आकारास आले.

३/ महानुभाव परंपरा सांगते, की पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. ग्रंथ मात्र वाचला. हिराइसेसारख्या अनुयायांच्या तो स्मरणात होता. त्या स्मरणावरून तो पुन्हा लिहिला गेला.

४/ त्याची किंमतही मोजावी लागली. निरनिराळ्या स्मरणांतून निरनिराळे पाठ निघाले. मूळ शब्द कोणता, हा वाद अभ्यासकांना आजही सुटलेला नाही. प्रत संकटापूर्वीच करायची असते, ती यासाठी.

५/ पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. ते सुरक्षित राहिले, पण बाहेरच्यांना शतकानुशतके अगम्य झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांसारख्या संशोधकांच्या प्रयत्नांतून हे साहित्य अभ्यासकांपुढे आले. ज्याचा पासवर्ड एकालाच ठाऊक आहे, त्या डिस्कची गत याहून वेगळी नाही.

६/ महानुभावांचे मठ पंजाब, काबूलपर्यंत पसरले आणि मराठी पोथ्याही तेथवर गेल्या. एका प्रांतावर संकट आले, तरी दुसऱ्या प्रांतात प्रत उरण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली.

७/ आता घराकडे वळू. एकाच पेटीत दोन डिस्क जोडून दोन्हींवर तेच साठवण्याच्या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. एक डिस्क बिघडली तर दुसरी चालू राहते. परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते. वीज, आग वा चोरी तर पेटीच नेते. म्हणून ‘रेड’ ही बॅकअपची जागा घेऊ शकत नाही.

८/ जाणकारांचा नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. एक देऊळगाव राजात असेल, तर दुसरी जालन्याच्या मावशीकडे किंवा क्लाउडवर असावी. आणि नागदेवाचार्यांप्रमाणे पडताळणीही हवी: वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून पाहावी.

९/ लीळाचरित्र ज्यांना पाठ होते, अशी माणसे होती. आजीचा आवाज कोणाला पाठ नसतो. या रविवारी त्याची दुसरी प्रत करून ठेवा.