डिस्कची डबी

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचा संगणक आणला. त्याच्या डिस्कच्या यंत्रात २४ इंची ५० तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि त्यात मावायचं काय, तर ५० लाख अक्षरं! म्हणजे मंडळी, डिस्क मुळात बाहेरचीच, स्वतःच्या कपाटात राहणारी. ती संगणकाच्या पोटात शिरली १९८० मध्ये सीगेटची सव्वापाच इंची, ५ एमबीची डिस्क आली त्यानंतर.

पुढे ती परत बाहेर आली, आणि मला हाच भाग जास्त रंजक वाटतो. १९९८चं यूएसबी १.१ इतकं संथ होतं की ४० जीबी उतरवायला अकरा-बारा तास लागावेत. एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० आलं आणि तेच काम अर्ध्या तासावर आलं. मग बाजारात रिकाम्या केसिंग दिसू लागल्या. त्यात एक छोटी चिप असते, दुभाष्यासारखी: एका बाजूला डिस्कची भाषा (आधी आयडीई, २००३ नंतर साटा), दुसऱ्या बाजूला यूएसबी. चार स्क्रू पिळले की झाली तुमची एक्स्टर्नल ड्राइव्ह.

खरी गोम विजेत आहे. साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात; यूएसबी देतं ५. म्हणून तिला वेगळा अडॅप्टर. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, पण फिरायला लागताना जवळजवळ एक अँपिअर ओढते, आणि यूएसबी २.० चं वचन अर्ध्या अँपिअरचं. म्हणून त्या दोन तोंडांच्या केबली. एकच तोंड लावलं तर डिस्क नुसती टिक-टिक करते आणि लोक तिला मेलेली समजतात.

इथे रिफात ओळखीच्या एका वहिनींचा जुना लॅपटॉप असाच बंद पडला होता. दुकानदार म्हणाला, सगळं गेलं. आत होतं सासऱ्यांनी नातीला सांगितलेल्या गोष्टींचं रेकॉर्डिंग. सासरे आता नाहीत. डिस्क निघाली ४४ पिनांची आयडीई, आणि इथल्या दुकानांत आता त्याची केसिंग कोण ठेवणार? शेवटी सुट्टीवर गेलेल्या एकाने लॅमिंग्टन रोडवरून शोधून आणली. जोडली, दिवा लागला आणि टिक-टिक सुरू. वहिनींचा चेहरा पडला. दुसरं तोंड लावलं तशी डिस्क घुमली. पहिल्याच फाइलमध्ये आजोबा खोकले आणि म्हणाले, "कुठवर आलो होतो गं?" मग काही वेळ कुणी काही बोललं नाही.

हा उपाय किती दिवस पुरेल, शंकाच आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत साठवणीच्या चिपा बोर्डालाच डाखलेल्या असतात, बाहेर काढायला काही उरतच नाही. जिथे काढता येते तिथे कुलूप! २०२४ पासून विंडोज ११ नव्या संगणकांवर बहुधा आपणहून डिस्क कूटबद्ध करतं. मग डबीत घालून उपयोग नाही, ४८ आकडी किल्ली हवी. वहिनींच्या नव्या लॅपटॉपची किल्ली मी कागदावर उतरवली. ती पासपोर्टांच्या पाकिटात आहे, आणि एक प्रत पुण्याला.