व्यसनांची झोळी : कल्याणभूमीतील एक जुने कार्य

'व्यसन' हा शब्द 'वि' या उपसर्गापुढे 'अस्', म्हणजे फेकणे, हा धातू येऊन सिद्ध होतो. जे माणसाला त्याच्या श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन, असे कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात म्हटले आहे. मनूने अठरा व्यसने मोजली. त्यांत मद्य आणि द्यूत यांच्याच पंक्तीस दिवसा झोपणे, परनिंदा आणि निरर्थक भटकणे ही बसविली आहेत. साधी सवय आणि घातक व्यसन यांच्यामध्ये प्राचीनांनी भिंत घातली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या विषयाचा इतिहास पाहण्यासाठी आम्हां बिदर-कलबुर्गी सीमाभागातील भक्तांना दूर जावयास नको. चालुक्यांची राजधानी कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, हीच त्याची पाठशाळा होय. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६–११२६) विज्ञानेश्वरांनी येथे याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' टीका लिहिली. मूळ स्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात सुरापान हे महापातक असून उकळते पेय पिऊन देह ठेवणे हे त्याचे प्रायश्चित्त आहे; जाणून केलेले पाप आणि अजाणता घडलेले पाप यांचा विवेक टीकाकारांनी केला. पुढे विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० मध्ये 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या उपभोगांत तांबूल आहे आणि क्रीडांत मदिरापानही आहे. पित्याच्या काळी ज्या नगरीत दंडाचा विचार झाला, त्याच नगरीत पुत्राच्या काळी विलासाचे वर्णन झाले. मद्यपी मनुष्य मात्र दोहोंच्या मध्ये जसा होता तसाच राहिला.

त्या मनुष्याकडे पाहणारा पुरुष त्याच शतकात शरणांच्या मेळाव्यातून पुढे आला. हेंडद मारय्या हे त्याचे नाव. 'हेंड' म्हणजे शिंदी-ताडी. ती विकणे हा त्यांचा व्यवसाय. बसवेश्वरांच्या सहवासाने त्यांचे अंतःकरण पालटले आणि आपल्याकडे पिण्यासाठी येणाऱ्यांनाच ते पिणे सोडण्याचा उपदेश करू लागले, असे परंपरा सांगते. 'धर्मेश्वरलिंग' या मुद्रेची त्यांची थोडी वचने उपलब्ध आहेत. त्यांत त्यांनी आपल्या धंद्याचीच भाषा परमार्थास लाविली. पिणारा कोणत्या दुःखाने येतो, कोणत्या वेळी येतो, कोणाच्या संगतीने येतो, हे विक्रेत्याइतके कोणास ठाऊक असणार? शास्त्रकारास पाप दिसले आणि राजास भोग दिसला. मारय्यांना माणूस दिसला.

तंबाखूचे नाव या ग्रंथांत शोधूनही सापडणार नाही, कारण ती अमेरिकेतली वनस्पती पोर्तुगीजांच्या मार्गे दख्खनेत आली. अकबराचा दूत असद बेग याला ती १६०४ च्या सुमारास विजापुरात आढळली आणि त्याने ती बादशहापुढे नेली. जहांगीराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. परंतु बिदरच्या कारागिरांनी जस्त-तांब्याच्या काळ्या धातूवर चांदीची वेलबुट्टी घालून जे हुक्के घडविले, ते आज देशोदेशींच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. बंदी विस्मृतीत गेली आणि हुक्का कलावस्तू झाला. एवढ्यावरून व्यसनाची चिवटता समजावी.

पुढे निजामी राज्यात अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले आणि शेजारचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला. शासन बदलले, कायदे बदलले. कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून सरकारमान्य अरकाची विक्री बंद केली. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ मध्ये व कर्नाटकाने २०१३ मध्ये बंदी आणली. हे सर्व आवश्यकच होते. तथापि अरक गेला तरी दारू राहिली, गुटखा गेला तरी चुना-तंबाखूची डबी राहिली. कायदा दुकान बंद करू शकतो. सायंकाळी सहा वाजता उठणारी तलफ बंद करणे त्याच्या हाती नाही.

मारय्यांचे कार्य आपल्या काळात इलकलच्या विजय महांतेश मठाचे डॉ. महांत शिवयोगी (१९३०–२०१८) यांनी केले. १९७५ पासून ते 'महांत जोळिगे', म्हणजे झोळी, घेऊन गावोगाव फिरले. त्या झोळीत त्यांनी धान्य वा धन न मागता लोकांची व्यसने मागितली. १ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस कर्नाटकात व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळला जातो. या झोळीचे मर्म असे की, व्यसन टाकणारा अपराधी ठरत नाही, दाता ठरतो. आणि चारचौघांसमक्ष दिलेले दान परत घेण्यास मन धजत नाही. आपल्याकडील वारकऱ्यांची तुळशीची माळ हेच कार्य करते. गळ्यात माळ असलेल्याला मद्याचा आग्रह कोणी करीत नाही.

सद्भक्तहो, आपल्याकडे चंची पुढे करणे हा स्नेहाचा शिष्टाचार आहे. कीर्तन ऐकतानाही दाढेखाली चिमूट असते. चुन्यामुळे तंबाखूतील विष रक्तात लवकर भिनते, म्हणून तलफही लवकर परतते. तंबाखू सोडणाऱ्यास पहिले काही दिवस सर्वांत कठीण जातात. तीन-चार आठवड्यांत तो जोर बहुधा ओसरतो. तेवढे दिवस त्याची थट्टा करू नये, त्याच्यापुढे डबी उघडू नये, आणि त्याची सायंकाळ रिकामी जाऊ देऊ नये. वर्षानुवर्षे रोज भरपूर मद्य घेणाऱ्याने मात्र ते एकाएकी सोडल्यास कंप, भ्रम व प्रसंगी प्राणावर बेतणारे विकार होतात. अशाने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावे. औषध घेणे म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे.

श्रीमठाचा वर्धापन साजरा करताना फुले, नारळ, दक्षिणा आपण अर्पण करतोच. यंदा सभामंडपात येताना प्रत्येकाने आपली चंची बाहेर ठेवावी, आणि परत जाताना ज्यास शक्य असेल त्याने ती तेथेच राहू द्यावी. ज्याने ठेविली त्याच्या घरी आठ दिवसांनी कोणी तरी जाऊन यावे. मारय्या पिणाऱ्यांच्याच वाटेवर उभे होते आणि महांत शिवयोगी लोकांच्या दारापर्यंत गेले, हे आपण विसरू नये. श्रीगुरुचरणी हीच प्रार्थना.