राजाची चाल आणि दहावीची श्रेढी

तर मंडळी, दहावीच्या बीजगणितातला ‘श्रेढी’ हा शब्द काही पाठ्यपुस्तकवाल्यांनी काढलेला नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, 1150 च्या सुमारास, ‘श्रेढीव्यवहार’ असं प्रकरणच आहे. आपला ‘ए’ तिथे ‘आदि’, ‘डी’ म्हणजे ‘चय’.

त्यातलं एक गणित ऐका. राजा शत्रूचे हत्ती पळवायला निघतो. पहिल्या दिवशी 2 योजनं, पुढे रोज सारखीच वाढ. 7 दिवसांत 80 योजनं कापून शत्रूच्या नगरात हजर. रोजची वाढ किती?

मला शाळेत फक्त सूत्र घोकायला लावलं होतं. ते जरा बाजूला ठेवू. 80 भागिले 7 ही रोजची सरासरी. सातांतला मधला दिवस चौथा. त्या दिवशी राजा नेमका तेवढाच चालला. त्यातून पहिल्या दिवसाचे 2 वजा केले, उरले 66/7. चौथ्या दिवसापर्यंत वाढ झाली तीनदा, म्हणून भागिले 3. चय 22/7! (पायशी संबंध नाही हं, उगाच वर्तुळ काढत बसू नका.) आचार्यांचा नियमही हिशेबाला हाच.

पुढे त्यांचा नातू चांगदेव यानं चाळीसगावजवळ पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तसा 1207 चा शिलालेखच आहे तिथला.